उसना हाडकेश

मी हाडकेश बोलतोय. दचकू नका. जबडा स्प्रिंगवर आहे, बोलताना जरा कटकट वाजतो, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या शेल्फावर बरणीत एक बेडूक असतो. त्याला मी सांगून ठेवलंय की मी घोडबंदरच्या किल्ल्यावरचा पोर्तुगीज कप्तान. तलवारीच्या एका फटक्यात सहा जण आडवे करायचो आणि शेवटी पापलेटचा काटा घशात अडकून गेलो. बेडकाला ते पटलंय. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला जीव, उठून जाणार कुठे! तुमच्याशी मात्र खरं बोलतो. मी प्लास्टिकचा. अंबाल्याच्या एका कारखान्यात साच्यातून निघालो, खोक्यात घडी घालून ट्रकमध्ये बसलो आणि मीरा रोडच्या हाटकेश भागात येऊन उलगडलो.

हाटकेशच्या एका गल्लीत खाली गाळे आहेत. तिथे दिवसभर स्टीलचे डबे पॉलिश होतात. त्या गाळ्यांच्या वर आमची शाळा आणि ज्युनिअर कॉलेज. खाली मशीन सुरू झालं की माझ्या बरगड्या थरथरतात. मुलं म्हणतात, "सरांना थंडी वाजतेय." हाटकेशचा म्हणून हाडकेश. हे नाव कोणी ठेवलं याची प्रिन्सिपलनी एकदा कडक चौकशी केली. चौकशीच्या नोटिशीवर विषय लिहिला होता, 'श्री. हाडकेश यांच्या नावाबाबत'.

बायोलॉजी शिकवतात त्या नीलम मॅडम. त्यांचं म्हणणं एकच: हात लावल्याशिवाय हाड कळत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याला हात लावतात त्याला विचारा! रोज कोणीतरी गुडघा वाकवतोय, कोणी कवटीत बोट घालतोय, कोणी खांद्यावर दप्तर अडकवून वडापाव खायला गेलाय. खुब्याचा नट ढिला झाला, करंगळी हरवली. सांगाडा असून मला पाठदुखी आहे, असं म्हटलं तर बेडूकसुद्धा हसतो.

समिधा मला पहिल्यांदा दिसली ती शाळेत असताना. दहावीचे वर्ग आमच्याच मजल्यावर. ही पोरगी पुस्तकातलं लवकर वाचायची नाही, पण हातात वस्तू दिली की तिचा चेहरा उघडायचा. मधल्या सुट्टीत यायची आणि प्रश्न विचारायची. "मॅडम, मान हलते ती नक्की कुठून?" मॅडमनी तिला माझे वरचे दोन मणके दाखवले. पहिला ॲटलास, त्याच्यावर डोकं 'हो' म्हणून खालीवर होतं. दुसरा ॲक्सिस, त्याच्यामुळे 'नाही' म्हणून डावीउजवीकडे फिरतं. समिधा दोन्हींत घोटाळा करायची. मग एक दिवस तिने आईचं नेलपेंट आणलं आणि माझा 'नाही'वाला मणका लालभडक रंगवून टाकला. मॅडम रागावल्या नाहीत. "सुकेपर्यंत हलवू नकोस," म्हणाल्या. तेव्हापासून मी या वयात गळ्यात लाल मणी घालून उभा आहे.

समिधाला अकरावीला इथेच राहायचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, तिच्या वडिलांनाही. जितेंद्र खानोलकर. लालबागहून मीरा रोडला आलेले, फोर्टमध्ये ऑफिस, इस्त्रीचा शर्ट. माणूस वाईट नाही, पण त्यांना कोणी "मुलगी कुठे आहे?" विचारलं की उत्तर जरा मोठं द्यायला आवडतं.

हायवेपलीकडे घोडबंदरच्या बाजूला एक मोठं कॉलेज आहे. सगळी काच. आमची मुलं त्याला काचेचं कॉलेज म्हणतात. कुठली तरी संस्था दरवर्षी कॉलेजांची क्रमवारी काढते, त्यात हे वरच्या नंबरात. ॲडमिशनच्या दिवसांत खानोलकर मॅडमना भेटायला आमच्या लॅबमध्ये आले होते. सगळं माझ्यासमोर झालं.

"मॅडम, इकडेच घेतो ॲडमिशन. फक्त ऑनलाइनला पहिली पसंती ते काचेचं टाकतो, दुसरी तुमची."

"का पण?" मॅडम म्हणाल्या. "तिला इथे यायचंय ना?"

"अहो, तिकडे लागणार थोडीच आहे! तिचे मार्क कुठे, त्यांचा कटऑफ कुठे! नुसतं लिहायचं. उद्या भावाने विचारलं तर सांगता येतं, पहिली पसंती ती होती, थोडक्यात हुकलं."

"आणि लागलं तर? पहिली पसंती लागली की घ्यावीच लागते खानोलकर. नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर."

"लागत नाही हो!"

समिधा माझ्या शेजारीच उभी होती. तिने वडिलांकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. तीसुद्धा खालीवर. मणका रंगवून काय उपयोग, मी मनात म्हटलं.

त्या वर्षी काचेच्या कॉलेजचा कटऑफ घसरला. पहिल्याच फेरीत पहिली पसंती लागली.

खानोलकरांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. वाटताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. समिधाची आई, मृणालिनीताई, आमच्याकडे शाळेचा दाखला न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पेढे तिने नाही खाल्ले. माझ्या नवऱ्यानेच दोनदा खाल्ले." एवढं बोलून दाखला घेऊन गेल्या.

आता माझा जोडधंदा सांगतो. क्रमवारी काढणाऱ्यांची समिती काचेच्या कॉलेजात पाहणीला येते, तेव्हा तिकडून आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना फोन येतो. दोघे जुने मित्र. मग अध्यक्षांचा मॅडमना फोन, आणि मॅडमचा मला एक उसासा. आमचा शिपाई लवूमामा मला चादरीत गुंडाळतो आणि रिक्षात बसवतो. पाहणी झाली की संध्याकाळी परत. मायक्रोस्कोपही जातात कधी कधी, पण ते डिकीत. मी सीटवर बसतो, माणसासारखा.

त्या डिसेंबरातही निघालो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. चादर कवटीवरून सरकलेली.

"मामा, इसको क्या हुआ?"

"ॲडमिशन के लाइन में खडा था, भाई," लवूमामा म्हणाला.

काचेच्या कॉलेजात स्वतःचा सांगाडा नाही असं समजू नका. आहे. टेंडर काढून घेतलेला. खोकं अजून उघडलेलं नाही, कारण उघडणार कोण? तिथली बहुतेक मुलं कोचिंग क्लासला असतात. क्लासचं आणि कॉलेजचं आधीच ठरलेलं, हजेरी आपोआप लागते. लॅबमध्ये ॲडमिशनचं ऑफिस थाटलंय. समितीच्या दिवशी तिथले सोफे गच्चीवर जातात आणि मला मधोमध उभं करतात. कोऱ्या ओट्यावर कोरे बीकर. माझ्या आयुष्यात इतका आराम मला कुठे मिळत नाही, आणि इतका कंटाळाही.

तर मी उभा. दाराशी पालक प्रतिनिधी म्हणून सूट घातलेले तिघं-चौघं. त्यांत खानोलकर! कॉलेजच्या सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलेलं, कारण ते कॉलेजची स्तुती न सांगता करतात. आणि ओट्यापाशी चार विद्यार्थी, कोरे करकरीत ॲप्रन घालून. त्यांत समिधा.

तिने मला बघितलं. आधी कवटीकडे, मग करंगळीच्या जागेकडे, मग गळ्यातल्या लाल मणक्याकडे. सहा महिन्यांत ती वाळली होती. आता मी कोणाला वाळलेला म्हणावं हा विनोदच आहे, पण खरंच वाळली होती.

"हाडकेश सर," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

समितीतल्या एक बाई चष्मा सावरत आल्या. "हे काय, लाल?"

कॉलेजचे सर घाईने म्हणाले, "मॅडम, ते… कलर कोडिंग आहे."

"कोण सांगेल?"

बाकीच्या तिघांनी ॲप्रनची बटणं मोजायला घेतली. समिधा पुढे आली आणि माझ्या डोक्याला हात घालून सगळं दाखवू लागली. हा 'हो'चा, हा 'नाही'चा. दुसऱ्याला वर दातासारखं टोक आहे, पहिला त्याच्याभोवती फिरतो, बघा. बाई खूश. त्यांनी स्वतः माझी मान फिरवून पाहिली.

"छान! म्हणजे इथे मुलांना हाताळायला देतात."

"द्यायचे," समिधा म्हणाली.

"द्यायचे म्हणजे?"

खानोलकरांनी खाकरून बघितलं. सरांनी घड्याळ बघितलं. समिधाचा हात अजून माझ्या मानेवर होता.

"तिकडे द्यायचे मॅडम. हाटकेशला. हा तिकडचा आहे. आज आणलाय. इथे मी पहिल्यांदाच लॅब बघतेय."

मी तुम्हाला आता सांगू शकतो की छत कोसळलं, काचा फुटल्या, सर मूर्च्छित पडले. बेडकाला तसंच सांगितलंय. पण झालं ते असं. समितीच्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सर आयुष्यात अडखळलेले नसावेत. ते म्हणाले, "मॅडम, हा आमचा उपक्रम. परिसरातल्या लहान संस्थांशी साधनांची देवाणघेवाण."

"अस्सं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी लिहून घेतलं. नंतर कळलं, त्याचे वेगळे गुण मिळाले. कॉलेजचा नंबर चार पायऱ्यांनी वर चढला.

संध्याकाळी परतीची रिक्षा. खानोलकरांचं घर त्याच वाटेवर. लवूमामा पुढे ड्रायव्हरशेजारी सरकून बसला. मागे एका बाजूला समिधा, दुसऱ्या बाजूला तिचे वडील, मध्ये मी. बाप-लेकीत बोलणं होतं ते माझ्या बरगड्यांतून आरपार.

"तुला कळलं का काय बोललीस? नंबर गेला असता त्यांचा."

"वाढेल बाबा. बघाल तुम्ही."

"मग तर झालं! एवढं चांगलं कॉलेज आणि तू तोंड पाडून बसतेस."

"चांगलं असेल. मला तिकडे कोणी ओळखत नाही. क्लासमध्ये प्रश्न विचारला तर ॲपवर टाक म्हणतात. मी टाकते. मग उत्तर येतं, ते मला समजत नाही. परत विचारायची लाज वाटते."

"घरी बोलायचं ना!"

"तुम्ही पेढे वाटले होते."

काशिमिऱ्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ उभी होती. खानोलकरांनी माझ्या मानेकडे बघितलं. "हे नेलपेंट घरचं ना? आई शोधत होती तेव्हा."

"हो."

"कशाला लावलंस?"

तिने सांगितलं. त्यांनी बोटाने माझी कवटी फिरवली, खालीवर केली, पुन्हा फिरवली. "परत सांग. खालचा कुठला?" तिने परत सांगितलं. मग मनगटातली लहान हाडं सांगितली, मग कानातलं सगळ्यात छोटं हाड, जे माझ्याकडे नाहीच, कारखान्यात बसवलं नव्हतं. सिग्नल सुटला तरी ती सांगत होती. खानोलकर ऐकत होते. ऑफिसातून दमून आलेला माणूस जसा घरच्या पंख्याखाली बसतो, तसे बसले होते.

हाटकेशची गल्ली आली. पॉलिशची मशीनं बंद होत होती.

"लवूमामा," खानोलकर म्हणाले, "ऑफिस उघडं असेल? मॅडम असतील वर?"

"काय काम होतं साहेब?"

"कॉलेज बदलायला काय काय लागतं, विचारायचंय."

समिधाने माझा हात इतका दाबला की कोपराचा स्क्रू निखळला. तो अजून तसाच आहे.

लगेच काही झालं नाही. अकरावी तिला तिकडेच काढावी लागली. परवानगी, ना हरकत, शिक्का, पुन्हा शिक्का. खानोलकरांनी त्यासाठी ऑफिसला चार-पाच दांड्या मारल्या, हे मला मृणालिनीताईंकडून कळलं. बारावीला समिधा इकडे आली. भावाला खानोलकरांनी काय सांगितलं? "पहिली पसंती लागली होती. आम्ही सोडली." त्यांना आता हे उत्तर आधीच्यापेक्षा मोठं वाटतं. बरं आहे.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. काचेच्या कॉलेजचा नवा नंबर हायवेवर बिल्डिंगएवढ्या फलकावर लागलाय. आमच्याकडे अकरावीला यंदा बाकं रिकामी आहेत. पुढच्या वर्षी सायन्स ठेवायचं का, यावर अध्यक्षांनी मीटिंग बोलावलीय. नीलम मॅडम हल्ली बोलता बोलता खिडकीबाहेर बघतात. आणि कालच फोन आला. पाहणी पुन्हा आलीय. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मी ऐकलं. पलीकडून आवाज म्हणाला, "सांगाडा पाठवा. आणि गेल्या खेपेची ती मुलगी तुमच्याकडे आलीय ना? एका दिवसापुरती तीही मिळाली तर बघा."

मॅडम हसल्या. खूप दिवसांनी. मग म्हणाल्या, "ती लॅबमध्ये आहे, विचारते." विचारलं. समिधाने मान हलवली. डावीउजवीकडे, चांगली दोनदा.

मला मात्र जावं लागेल. मला कोण विचारतंय! चादर झटकून ठेवलीय दाराशी.

जाताना एक विनंती. पोरासाठी कॉलेज बघायला याल, तेव्हा फाटकावरचा फलक वाचा, नाही म्हणत नाही. पण मग म्हणा, जरा लॅब उघडून दाखवा. किल्ली शोधायला माणूस पळाला, तर नमस्कार करून निघा. दार उघडंच असेल तर आत या, कोपऱ्यात माझा कोणी भाऊबंद उभा असेल, त्याच्याशी हात मिळवा. हात निखळून तुमच्या हातात आला, तर घाबरू नका. तिथे मुलं शिकतात. ॲडमिशन तिथे घ्या, आणि हात मॅडमना परत द्या.