वगळलेली शाळा

मारित्सानं कपाटाच्या तळातून खोकं ओढून बाहेर काढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. दुसरं काढलं, तिसरं काढलं. नऊ खोकी निघाली, त्यांतलं एकच फोडलेलं.

"वर्षभर बंदच आहेत ही?"

"एक उघडलं होतं की, पहिल्या आठवड्यात." एलियानाबाईंनी वर्गाचं दार लोटून घेतलं. "आतल्या कार्डामागे छापलेलं, 'आता मुलांकडे बघून हसा.' चौतीस वर्षं शिकवतेय मी, डॉक्टरीणबाई. हसायचं कधी, ते आता कंपनी सांगणार?"

एरवी मारित्साला हसू आलं असतं. कंपनीनं या खोक्यांतला वाचनाचा कार्यक्रम बारा शाळांना विकला होता. त्यानं मुलांना फायदा होतो का, हे तपासायचं काम कोन्सेप्सिओनच्या विद्यापीठात तिच्याकडे होतं; खर्च कंपनीचाच. अकरा शाळांत काडीचा फरक नव्हता. फक्त लोता गावातल्या या शाळेत दुसरीची मुलं धडाधड वाचू लागली होती, आणि या एका शाळेच्या जोरावर सगळ्यांची सरासरी वर चढली होती. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. असं इथंच का झालं, तेवढं बघून येऊ म्हणून ती आली होती.

"पण रोजचा फॉर्म भरलाय तुम्ही. 'कार्ड झालं', खाली सही."

"भरला. नाहीतर मुख्याध्यापक डोक्यावर बसतात."

"मग मुलं वाचायला शिकली कशी?"

एलियानाबाईंनी टेबलाखालून खाकी कागदांचा गठ्ठा काढला.

"यांचे आजोबा सगळे समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीतले. खाण बंद झाली, म्हातारे घरी बसून बडबडतात, ऐकतंय कोण? पोरांना म्हटलं, आजोबांकडून रोज एक गोष्ट आणा. पोरगं सांगतं, मी लिहिते, मग सगळ्यांनी वाचायची. आपल्या आजोबांचं नाव फळ्यावर आल्यावर वाचायला कोण अडतंय?"

वरच्याच कागदावर मोठ्या गोल अक्षरांत होतं, 'माझे आजोबा समुद्राच्या खाली बसून जेवायचे.' मारित्सानं तो वाचला, खालचा वाचला, त्याच्या खालचाही.

"हे सगळं लिहाल तुम्ही?" बाईंचा आवाज उतरला होता.

"लिहायला हवं."

"खोट्या सह्या केल्या म्हणून घरी बसवतील मला. पेन्शनला दोन वर्षं उरलीत." त्या कागदांच्या कडा जुळवत राहिल्या. "लपवलं नव्हतं हो मी. विचारलंच नाही कुणी. तुमची माणसं यायची, फॉर्म घेऊन जायची."

वर्षभरात या वर्गात मारित्सा पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

गाडीत येऊन बसते तोच कंपनीच्या इरिबारेनचा फोन आला.

"डॉक्टर, लोताचे आकडे म्हणजे सोनं आहे सोनं! त्या बाईंना घेऊन फिल्म करतोय आम्ही. पुढच्या वर्षी अख्ख्या प्रांतात जायचं."

"लोता वगळावी लागेल."

"काय?"

"तिथल्या नोंदी भरवशाच्या नाहीत. कार्यक्रम नीट चालतोय का, ते मी जाऊन बघायला हवं होतं. नाही बघितलं. चूक माझी."



"लोता काढली तर उरतं काय, माहितीये ना? आणि असली चूक करणाऱ्या माणसाला पुढचं काम कोण देईल?"

"माहितीये."

"म्हणजे त्या पोरांना वाचता येत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"येतं," मारित्सा म्हणाली. "छान येतं."

त्यानं फोन ठेवून दिला. तिनं डोळे चोळले, संगणक मांडीवर घेतला आणि अहवालाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप घातली, 'नोंदींतील त्रुटींमुळे एक शाळा वगळली आहे. जबाबदारी संशोधकाची.' कसल्या त्रुटी, ते लिहिलं नाही. मग तक्ता उघडला. तिचं बोट थोडा वेळ कळेवर नुसतंच टेकून राहिलं.

तिनं कळ दाबली. वाचता येणारी अठ्ठावीस मुलं तक्त्यातून निघून गेली, आणि खालचा सरासरी फायद्याचा आकडा शून्यावर आला.