दुसऱ्याच्या खात्यातलं नाव

ओकबुनचा नवरा म्योंगहुन लाकडावर शिंपल्यांची नक्षी बसवून कपाटं करायचा. तोंग्योंग या बंदराच्या गावी आमच्या गल्लीत हे काम करणारा तोच शेवटचा. तो गेल्यावर ओकबुनने कारखान्याचं शटर ओढलं, पण पाटी काढली नाही. त्याची वेबसाइटही तशीच राहिली. विकून गेलेल्या कपाटांचे फोटो तिथे होते, आणि एका फोटोत पातळ करवत धरलेले त्याचे हात. बार्लीचा चहा घेता घेता ती रोज सकाळी ते पान उघडायची.

एका सकाळी पान उघडलंच नाही. तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग बंदरावर पुतण्याकडे गेली.

पुतण्या जेगिल, थोरल्या दिरांचा मुलगा, सुकी मांदेली विकायचा. म्योंगहुनची वेबसाइट त्यानेच उभी करून दिली होती. पान उघडत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. गेल्या महिन्यात त्याने जुनं होस्टिंग खातं, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, बंद करून दुसऱ्या कंपनीकडे नवं घेतलं होतं. आपलं सगळं तिकडे हलवलं. काकांचंही जुन्या खात्यात आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"पण त्यांचं नाव वेगळं होतं ना?" ओकबुन म्हणाली. "तुझ्या दुकानाचं नाव त्यात कुठेच नव्हतं."

"नाव वेगळंच होतं, काकू. ते अजूनही काकांचंच आहे. पण खात्याचं मुख्य डोमेन, म्हणजे खातं ज्या पत्त्यावर घेतलं तो, माझ्या दुकानाचं होतं. काकांचं त्याला नंतर जोडलेलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन दुकानं दिसायची, आत मात्र ते माझ्याच खात्यातलं एक फोल्डर होतं. खातं गेलं, तसं तेही गेलं."

दुरुस्तीच्या कामांचं पान तरी राहिलं असेल, असं तिला वाटलं. त्याच्या पत्त्यात पुढे एक शब्द जास्त असायचा. जेगिलने मान हलवली. ते सबडोमेन, काकांच्याच नावाची फांदी. तेही तिथेच होतं. त्याने जुन्या कंपनीला फोन लावून बरीच विनवणी केली. पुसलेलं परत मिळत नाही, एवढंच उत्तर आलं. मूळ फोटो ज्यात होते तो म्योंगहुनचा कॉम्प्युटर ओकबुनने हिवाळ्यातच भंगारात दिला होता.

नव्या खात्यात नाव पुन्हा जोडता येईल, जेगिल म्हणाला, पण फोल्डरमध्ये ठेवायचं काय? तोवर नाव रिकामं पडू नये म्हणून त्याने आपल्या परीने एक गोष्ट केली. ते नाव आपल्या दुकानावर पार्क केलं. म्हणजे नाव काकांचं टाकायचं आणि पान त्याच्या दुकानाचं उघडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकबुनने नवऱ्याचं नाव टाकलं. मांदेलीची खोकी दिसली, भेट म्हणून द्यायची, रेशमी फीत बांधलेली. तिने जेगिलला फोन केला. ती चिडली नाही. "काढून टाक रे बाबा," एवढंच म्हणाली. "काही दिसलं नाही तरी चालेल." त्याने लगेच काढलं. त्यानंतर तो दोनदा घरी येऊन गेला, जेवला, पण या विषयावर दोघंही बोलली नाहीत.

उन्हाळ्यात देगूहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंच्या कपाटाची नक्षी एका कोपऱ्यात सुटली होती. वेबसाइट उघडत नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या पावतीवरचा नंबर लावला होता. कारखाना चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी तेव्हा ओकबुनकडे मुळ्याची भाजी निवडत बसले होते.

ओकबुनने हातातली जुडी खाली ठेवली.

"बंद झाला," ती म्हणाली. "करणारे वारले."

म्योंगहुनला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवून ती पुन्हा भाजी निवडायला बसली, आणि अंधार पडला तरी आम्ही दोघींनी दिवा लावला नाही.