फाटकावरचा पहारेकरी

“बाई, तुमचे बाबा त्या दिवशी फाटकावर नव्हते.”

सातवीतली ही मुलगी हाडकुळी आणि चौकस, म्हणून वर्गाने तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. मधली सुट्टी होती, वर्गात दोघीच होत्या. तिने वही पुढे सरकवली.

बाईंनी मुलांना काम दिलं होतं, वस्तीतली एक खरी घटना शोधून लिहा. तिघांना विचारा, एखादा जुना कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहा, हे कुणी सांगितलं. नमुना म्हणून त्या दरवर्षी एकच गोष्ट सांगत. कापडगिरणीला आग लागली, पहारेकऱ्याने भोंगा वाजवला, पाळीवरची सगळी माणसं सुखरूप बाहेर आली. तो पहारेकरी म्हणजे बाईंचे वडील. वीस वर्षं गोष्ट तोंडात इतकी घोळली होती, की हे आपल्याला कुणी सांगितलं, असा प्रश्न बाईंना कधी पडलाच नाही.

टाचणीने नेमकी तीच घटना घेतली. अग्निशामक केंद्राची जुनी नोंदवही तिने पाहिली. भोंगा सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका कामगार बाईने वाजवला होता. फाटकावर कुणीच नव्हतं. तिघा म्हाताऱ्या कामगारांनीही तेच सांगितलं.

बाईंनी वही परत तिच्यापुढे सरकवली. “असं लिही, पहारेकरी औषध आणायला गेला होता.”

पेन्सिल समासावर थांबली. “कुणी सांगितलं, बाई?”

पोर टोचून बोलत नव्हती. तिला खरंच समास भरायचा होता.

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. बाईंनी आडवळण न घेता विचारलं.

आईचा हात थांबला नाही. “घरी होते. झोपले होते.”

“आणि तू उठवलं नाहीस?”

“सलग तीन पाळ्या करून आले होते गं. चौथीला उठवायला गेले, पण जीव झाला नाही.” आईने चादरीचं एक टोक लेकीच्या हातात दिलं. “मग लोकच म्हणायला लागले, पहारेकऱ्याने वाचवलं. हे गप्प राहिले. पुढे गप्प राहणंच अंगवळणी पडलं.”

“आणि भोंगा वाजवणारी ती बाई?”

“गिरणी बंद पडल्यावर कुठे गेली, देव जाणे.” दोघींनी मिळून चादरीची घडी घातली. “आता कशाला उकरतेस? माणूस गेला, गिरणी गेली.”

“मी नाही उकरलं, आई. सातवीतल्या पोरीने उकरलं.”

“मग तिला नापास कर,” आई म्हणाली. स्वतःच हसली, आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरल्यावर बाई टाचणीच्या बाकापाशी गेल्या.

“लिही. पहारेकरी घरी झोपला होता.”

“कुणी सांगितलं?”

“त्याच्या बायकोने. सलग तीन पाळ्या झाल्या होत्या, हेही तिनेच सांगितलं.”

टाचणीने दोन्ही वाक्यं लिहिली. मग मान वर न करता विचारलं, “पहारेकऱ्याचं नाव घालू?”

बाईंनी बाकाच्या कडेला हात टेकला. “घाल. आडनावासकट.”

शेजारची मुलगी मान लांब करून वहीत डोकावायला लागली. टाचणीने चटकन डावा हात आडवा धरला आणि त्याच्या आडोशाला ते नाव लिहू लागली.

“हात काढ,” बाई म्हणाल्या. “झाकून लिहायचं नसतं.”