वाकळीच्या पोटातला घास

मी वाकळ बोलतेय. गोधडी म्हणू नका. गोधडी दुकानात काचेमागं लटकते, तिला किमतीची चिठ्ठी असते आणि तिच्यावर कुणी झोपत नाही. माझ्यावर माणसं झोपलीत, रडलीत, आणि एक गोऱ्हा मुतलाय. तेव्हा जरा मान देऊन ऐका.

माझा जन्म निलंग्याचा, उमाबाईच्या ओट्यावर. उमाबाई चौथी शिकलेली, पण तोंडाला तिच्या पदवी आहे. तिनं ट्रंकेतून जुनी कापडं काढली. वरून स्वतःचं हिरवं इरकल लुगडं, आतून नवऱ्याची, म्हणजे मलप्पाची, दोन धोतरं. मधोमध लेकीचा, रुद्राणीचा, शाळेतला निळा स्कर्ट. आणि पायाकडच्या बाजूला थोरल्या दिराचा, गुरुपादप्पाचा, जुना सदरा.

शेजारची साखराबाई दुसऱ्या टोकाकडून धावदोरा घालत होती. ती म्हणाली, “अगं उमा, भावजीचा सदरा पायाशी?”

“मग काय डोक्यावर घेऊ? जल्मभर घेतलाच की.”

दोघी हसल्या आणि टाके वाकडे गेले. ते अजून वाकडेच आहेत.

मला घाईनं शिवायचं कारण रुद्राणी. उदगीरला दुधाचं शिक्षण घेतलेली, लातूरच्या एका डेअरीत नळ्यांमधून दूध तपासणारी, अठ्ठावीस वर्षांची पोरगी. तिला न्यूझीलंडमध्ये गायींच्या फार्मवर नोकरी लागली. एकटीच जाणार. पगार तिथल्या गड्याला असतो तेवढाच, वर एक पैसा नाही. रुपयात मोजला की ऐकणाऱ्याचे डोळे फाटतात. तिथं जाऊन कांदे घेतले की त्याच डोळ्यांत पाणी येतं. पण हे आधी कोण सांगतंय?

गल्लीत हसू झालं. “शेण काढायला इमानात बसून चालली व्हय? हितली गुरं काय हागायची थांबली?”

उमाबाईला ते लागलं. ती उसळून म्हणाली, “शेण न्हाई काढत ती! तिथं दुधाची साहेब हाय. खुर्चीवर बसून सही करायची.”

रुद्राणीनं आईकडं पाहिलं. पोरगी आईला अव्वा म्हणते, आमच्याकडं कर्नाटक कोसावर, घरात अर्धी कानडी. ती हळूच म्हणाली, “अव्वा, काय बी काय बोलालीस?”

“गप. तू जा. साहेब मी बघते.”

गुरुपादप्पा काही हसला नाही. त्याच्या डोक्यात उदगीरचं स्थळ होतं. आडतवाला माणूस, पहिली बायको वारलेली, दुसरी माहेरी पळालेली. गुरुपादप्पाचं सोयाबीन त्याच्याच आडतीला जातं, त्यामुळं त्या माणसाच्या एकटेपणाचं गुरुपादप्पाला लई वाईट वाटायचं. तो ओट्यावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, “जाऊ दे तिला. एक हिवाळा काढून दाखव म्हणावं. मधीच परत आली तर उदगीरच्या पोराला मुकाट हो म्हणायचं. कबूल?”

पोरगा पंचेचाळिशीचा होता.

“कबूल,” रुद्राणी म्हणाली.

मलप्पानं तंबाखू मळली. भावापुढं त्याचं तोंड फक्त तंबाखूसाठी उघडतं.

मग सामानाची भांडणं. त्या देशात खायचं काही न्यायला चालत नाही, बी-बियाणं तर अजिबात नाही, असं रुद्राणीला बजावलेलं. तिनं अव्वाची शेंगांची चटणी काढून ठेवली. ज्वारीचं पीठ काढलं. लोणचं काढलं. उमाबाईनं सांडगे मोज्यांत लपवले, तेही काढले.

“आगं, उपाशी मरशील.”

“मरते. पर विमानतळावर अडकायचं न्हाई मला.”

उमाबाई गप्प झाली. ती गप्प झाली की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जातात.

दुपारी माझा शेवटचा कोपरा मिटायचा होता. आमच्याकडं रीत आहे, वाकळ उपाशी मिटत नाहीत. शेवटचा टाका घालण्याआधी तिच्या पोटात घास भरायचा. कुणी भाकरीचा तुकडा भरतं, कुणी दाणे. उपाशी वाकळ ऊब देत नाही, उलट पांघरणाऱ्याची ऊब खाते. उमाबाईनं मूठभर ज्वारी आणली आणि माझ्या कोपऱ्यात कोंबली.

साखराबाईची सुई थांबली. “उमा, पोरगी खायचं काही नको म्हणाली न्हवं?”

“ह्ये खायचं कुठं हाय? ह्यो घास हाय. वाकळीचा.”

“तिला सांग तरी.”

“घास भरताना बोलत न्हाईत. तोंड मीट.”

झालं. पोटात ज्वारी घेऊन मी बॅगेत बसले. मला तरी काय ठाऊक? भरल्या पोटी झोप छान लागते.

जाग आली ती तिथल्या विमानतळावर, कुत्र्यानं. गाढवाएवढं असतं तर घाबरले असते, पण हे मांजराच्या भावासारखं, अंगात निळं जाकीट घातलेलं. रुद्राणीच्या बॅगेपाशी आलं, नाक लावलं, आणि खाली बसलं. भुंकलं नाही, काही नाही. चौकशीला आलेल्या पाहुण्यासारखं बसूनच राहिलं.

एक बाई आली, हातमोजे घातलेली. रुद्राणीनं फॉर्मवर लिहून दिलं होतं, खायचं नाही, बियाणं नाही. बाईनं बॅग उघडली, मला बाहेर ओढलं, दाबत दाबत कोपऱ्याशी आली आणि थांबली. छोटी कात्री काढली. उमाबाईचे चार टाके तटातटा तुटले आणि त्या चकचकीत टेबलावर निलंग्याची ज्वारी टपाटपा सांडली.

रुद्राणीचा चेहरा पांढरा पडला. इथूनच परतीच्या विमानात बसवलं तर? हिवाळा सोडा, दारातली पायरीसुद्धा ओलांडली नव्हती.

“हे काय आहे?” बाईनं विचारलं.

पोरीला इंग्रजी येतं, पण हे सांगायला इंग्रजीत सोय नाही. ती म्हणाली, “माझ्या आईनं पांघरुणाला जेवू घातलंय.”

“पांघरुणाला?”

“हो. उपाशी पांघरूण ऊब देत नाही.”

बाईनं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार? माझं पोट फाडून ठेवलेलं. बाईनं शेजारच्या माणसाला बोलावलं, त्याला पुन्हा सगळं सांगायला लावलं, आणि दोघं ओठ दाबून हसले. ज्वारीचा दाणा न् दाणा पिवळ्या पिशवीत गेला. रुद्राणीला ताकीद मिळाली. जाताना बाई म्हणाली, “पुढच्या वेळी पांघरुणालाही विचारून ये, खाल्लंस का म्हणून.”

अशी मी त्या देशात शिरले. उपाशी, आणि कोपरा उसवलेली.

आमची खोली गोठ्याच्या मागं. गोठा म्हणजे एवढा मोठा लोखंडी चक्रीपाळणा की गायी त्याच्यावर उभ्या राहून दूध देत गोल फिरतात. आपल्याकडं जत्रेत पैसे देऊन बसतात अशावर. जून-जुलैत आपल्याकडं पेरण्या होतात, तिथं त्याच दिवसांत थंडी हाडात शिरते. खोलीच्या काचा आतून घामेजतात. विजेची शेगडी होती, पण ती लावली की बिल वाढतं, आणि भाडं, वीज, विमा कापून पगारात उरतं काय, तर साहेबपणा. तो उमाबाईनं फुकट दिलेला.

साहेब पहाटे रबरी बूट घालून जायची आणि शेणानं माखून यायची. फवाऱ्यानं गोठा धुवायची, गायींची आचळं पुसायची, लाथा खायची. व्हिडिओवर घरी बोलायचं असलं की धुतलेला स्वेटर घालून भिंतीला पाठ लावून बसायची. मागं बूट दिसू नयेत म्हणून.

“साहेब, जेवलात का?” उमाबाई विचारायची. गल्लीतलं कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं.

“जेवले, अव्वा.”

ब्रेड खाल्लेला असायचा. उभ्यानं.

आणि मी? खरं सांगते, मी कामाची नव्हते. उसवलेल्या कोपऱ्यातून गार वारा आत शिरायचा आणि माझ्या पोटात फिरायचा. पोरगी माझ्याखाली गोळा होऊन कुडकुडायची. गुरुपादप्पाचा सदरा तेवढा पायाशी गरम. माणूस पायाखाली असला की उपयोगी पडतो.

मग गायी व्यायचा हंगाम आला. एका सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. रुद्राणीला कुंपणापाशी एक वासरू सापडलं, ओलं, थंड, डोळे अर्धे मिटलेले. गाय दुसरीकडं निघून गेलेली. पोरीनं मागचा-पुढचा विचार केला नाही. त्याला उचलून खोलीत आणलं आणि मला त्याच्यावर टाकलं. चोळलं, कोमट दूध पाजलं. ते थरथरत होतं, मीही थरथरत होते. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, माझा उसवलेला कोपरा तोंडात धरून चोखायला लागलं, आणि धार सोडली. कुठं? थेट गुरुपादप्पाच्या सदऱ्यावर. एवढी जागा असताना. जनावराला अक्कल असते.

दुपारी ते उभं राहिलं. रुद्राणीनं त्याचं नाव बसव ठेवलं. शंकराच्या दारात बसतो तो नंदी, आमच्या लोकांचा मोठा देव.

मालक ग्रॅहम दारात आला. साठीचा, वाईट माणूस नाही. म्हणाला, “नाव ठेवू नकोस.”

“का?”

“गोऱ्हा आहे. चौथ्या दिवशी ट्रक येतो.”

दूध न देणारं जनावर तिथं चार दिवस पाहुणं असतं. ट्रक आला. चढवायला माणसं कमी होती. रुद्राणीनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिच्यामागं विश्वासानं चालत चालत आत गेला. बसवचं तोंड तेव्हाही काहीतरी चोखायला शोधत होतं.

ती खोलीत आली आणि बूटसुद्धा न काढता घरी फोन लावला. इथं दुपार, निलंग्यात सकाळचा चहा. या वेळी ना धुतलेला स्वेटर, ना भिंत.

“अव्वा, मी येते.”

फोनमधून गुरुपादप्पाचाच आवाज आधी आला. चहाला तो असतोच. “मी म्हणालतो न्हवं! हिवाळा निम्मा बी न्हाई झाला. उदगीरला फोन लावतो.”

“भावजी, जरा दम धरा,” उमाबाई म्हणाली. “काय झालं गं? रडालीस का?”

मग रुद्राणीनं सगळं ओतलं. मी साहेब नाही. मी शेण काढते, लाथा खाते, ब्रेड खाते. आणि आज बसवला माझ्या हातानं ट्रकात चढवलं.

फोनवर कपबशी ठेवल्याचा आवाज आला. गुरुपादप्पा म्हणाला, “शिव शिव शिव! लिंगायताची पोर कसायाच्या ट्रकात वासरं भरती? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. उद्याच्या उद्या ये म्हणावं.”

उमाबाई गप्प होती. मी म्हणाले ना, ती गप्प झाली की मांजरं बाहेर जातात.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमच्या जर्सीला दोन गोऱ्हे झालते. त्येंचं काय झालं ओ?”

“त्येंचं काय? गेले कुठंतरी.”

“बिदरच्या रस्त्यावर सोडून दिलाव. चाऱ्याला महाग पडलालते म्हणून. ट्रकनंच मेले असतील ते बी. तवा शिव कुठं गेलता?”

“कोण म्हणतं असं?”

आणि तेव्हा एक आवाज आला जो मी माझ्या जन्मापासून फोनवर ऐकलाच नव्हता. मलप्पाचा. “अण्णा, सोडायला मीच गेलतो. तू धाडलास. एक माघारी पळत आलता टेम्पोमागं.”

मग चपला फरफटल्याचा आवाज आला. गुरुपादप्पा चहा अर्धा टाकून गेला होता. त्याच्या आयुष्यातला पहिला अर्धा चहा असेल.

उमाबाई फोनजवळ तोंड आणून म्हणाली, “ऐक. साहेब मी केलतं तुला, तू न्हाईस. लोकांनी हसू नये म्हणून. चुकलंच माझं. आता तुझं तू बघ. गोऱ्ह्याचं सोसत नसल तर ये, मी स्टँडावर घ्यायला येते. पर त्या आडतवाल्यासाठी येऊ नको. त्येला मी बघते.”

रुद्राणी नाक ओढत राहिली.

“वाकळ तरी ऊब देती का?”

“न्हाई, अव्वा.”

“का? चांगली जाड शिवली हाय की.”

“तिचं पोट फाडलं विमानतळावर. तुझी ज्वारी निघाली. मला माघारी धाडणार होते.”

उमाबाई एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. “आगं बया! आन् तू सांगितली न्हाईस? उपाशी वाकळीखाली झोपालीस इतके दिस?”

“काय भरू तिच्यात? हितं ज्वारी न्हाई.”

“मग ज्वारीच पायजे असं कुणी सांगितलं? तू काय खातीस?”

“ब्रेड.”

“मग ब्रेड भर. ज्या गावात ऱ्हायचं त्या गावचा घास लागतो. माझंच चुकलं, मी निलंग्याचा भरला. आन् ऱ्हायचं नसल तर भरू नको, तशीच गुंडाळून घेऊन ये. बघ तुझं तू.”

फोन बंद झाला. पोरगी कितीतरी वेळ मांडीवर मला घेऊन बसली. गोऱ्ह्यानं चोखलेला कोपरा अजून चिकट होता. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली, ग्रॅहमनं बाहेरून हाक मारली. ती उठली, पण बूट घालण्याआधी ब्रेडचा कडेचा तुकडा शेगडीवर कडक भाजला, माझ्या पोटात ठेवला, आणि गोठ्यातलं दाभण आणून चाऱ्याच्या गठ्ठ्याच्या निळ्या सुतळीनं कोपरा मिटला. टाके अव्वापेक्षा वाकडे. तोंडातून एक शब्द काढला नाही. रीत पाळली.

चव विचाराल तर काही नाही. ज्वारीची सर ब्रेडला येत नाही. पण त्या रात्री वारा आत शिरला नाही, आणि पोरगी पाय ताणून झोपली.

आता तिथला हिवाळा सरलाय. ती राहिलीय. ट्रकच्या दिवशी सकाळचा चहा पीत नाही, पण राहिलीय. उमाबाईनं तिचा शेणात उभा असलेला फोटो मागवून घेतला आणि गल्लीभर दाखवला. “साहेब न्हाई, शेण काढती. तुमच्यात कुणाची काढती का तिकडचं?” हिवाळा संपल्यापासून गुरुपादप्पाचा फोन नाही. त्याचा सदरा मात्र रोज पायाखाली असतो, आणि वास काही जात नाही.

मला इरकलीचा रंग राहिला नाही. अंगाला गायीचा वास येतो, एका कोपऱ्यात निळी सुतळी दिसते. धुवायचं नाव कुणी काढत नाही, आणि मीही आग्रह धरत नाही.

बायांनो, लेकी परदेशी धाडाल तेव्हा वाकळ जरूर द्या. जाड द्या, वाकडे टाके चालतील. दिरांचे सदरे पायाकडं घाला. पण एक कोपरा उघडा ठेवा, आणि सोबत सुई-दोरा द्या. तो घास तिचा तिला तिथं भरू द्या.

आता गजर वाजेल. ही बया मला लाथ मारून उठेल, आणि मी तशीच गोळा होऊन संध्याकाळची वाट बघत पडेन. भरल्या पोटी वाट बघायला काही त्रास होत नाही.