तानुबाईची आरोळी

नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढच्या एका लॉन्सवर त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लग्न मात्र कुणाचंच नव्हतं. नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्यांपैकी एकीवर निनादनाथ महाराज बसले होते आणि दुसरीवर त्यांची सिद्ध वीणा. खाली मांडव भरून लोक, लोकांच्या हातात मोबाईल आणि पुढच्या रांगेत व्हीलचेअर.

"बाबांनो, सृष्टी म्हणजे काय? व्हायब्रेशन!" महाराज माईकमध्ये गरजले. "रोग म्हणजे काय? बिघडलेलं व्हायब्रेशन! अमेरिकेचे शास्त्रज्ञ ही वीणा मोजायला आले होते. त्यांची यंत्रं बंद पडली! तेव्हा माझ्या पायावर लोटांगण घालून म्हणाले, महाराज, हिची ताकद आमच्या मशीनपेक्षा दहा हजार पट आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यंत्रं बंद पडल्यावर दहा हजार पट कशानं मोजलं, हे विचारायला तिथं कुणी आलं नव्हतं.

आधी कंपवाताचा एक म्हातारा आणला. स्टेजच्या पायरीशी त्याचे पाय थिजले, काही केल्या उचलेनात. महाराजांनी हात वर केला, ताशा सुरू झाला आणि म्हातारा ठेक्यावर टपाटप पायऱ्या चढून गेला. लोकांनी जयजयकार केला. मग तानुबाईची पाळी आली.

तानुबाई मूळची हरसूलकडची. लग्न होऊन नाशकात आली आणि उभी हयात नाशिक रोडच्या बाजारात भाजी विकत राहिली. गेल्या थंडीत मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. कोण आपलं, कोण परकं, कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय, सगळं. पण काहीही सांगायला तोंड उघडलं की एकच शब्द यायचा, बाई. पाणी हवं असलं तरी बाई, आणि राग आला तरी बाईच.

"माउली, नाव काय तुझं?" महाराजांनी माईक पुढं केला.

"बाई," तानुबाई म्हणाली. "बाई बाई."

"ऐकलंत? डॉक्टरांनी हात टेकले ती ही वाचा!" महाराजांनी वीणा तिच्या कपाळाला टेकवली, डोळे मिटले आणि गणपतीची आरती सुरू केली. पहिल्या ओळीनंतर ते थांबले. पुढची ओळ तानुबाईनं म्हटली. त्याच्या पुढचीही तिनंच म्हटली, शब्द न् शब्द, खणखणीत.

मांडवात हुंदके फुटले. तिचा मुलगा मनोज, ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवणारा आडदांड गडी, महाराजांपुढं आडवा झाला. तानुबाईला मात्र काडीचंही नवल वाटलं नाही. ही आरती तिनं दवाखान्यात, बोलायला शिकवणाऱ्या आभा मॅडमसमोर म्हटली होती, तीही वीणेशिवाय. सून सविता तेव्हा शेजारी होती. मनोज नव्हता, आणि सविता सांगायची ते तो कानावर घेत नव्हता.

"आता अट," महाराज म्हणाले. "औषधाचा नाद आणि देवाचा नाद एका घरात नांदत नाहीत. गोळ्या इथं वाहा!"

पुढं तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. मनोजनं खिशातून आईच्या गोळ्या काढल्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या, आणि खालच्या गर्दीतून सविता पुढं येईपर्यंत सगळी पाकिटं आत टाकली.

"बाई!" तानुबाईनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. "बाई बाई बाई!"

"भाव अनावर झाला माउलीला," महाराज म्हणाले, आणि लोकांनी हात जोडले. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचेही लोकांनी फोटो काढले.

घरी आल्या आल्या सविता नवऱ्यावर उखडली. "अहो, गोळ्या बंद केल्या तर परत झटका येईल. डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"आई गायली ते तुला दिसलं नाय? डॉक्टरनी गायला लावलं का तिला?"

"हो, लावलं! मी हुते ना तिथं."

"पुढच्या महिन्याच्या दरबारात महाराज तिला शपथ देणार हायेत, जन्मभर औषध सोडल्याची. मग पुरतं बोलंल ती. तवर घरात गोळी दिसली तर बघ."

तानुबाई खाटेवर बसून ऐकत होती. मरणाची भीती तिला वाटत होतीच. पण आपल्याच पोराच्या हातून, तेही त्याच्या मायेपायी, मरायचं हे तिला सोसवेना. आणि 'नको' एवढं म्हणायलाही तिच्यापाशी शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी मनोज कामावर जाताच सवितानं सासूला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून कपाळाला हात लावला आणि गोळ्या तिथल्या तिथं सुरू केल्या. मग दोघी आभा मॅडमच्या खोलीत गेल्या. वाचा गेलेल्यांना बोलतं करायचं हे आभाचं काम, आणि त्या कामात ती गाणं वापरायची. त्याच खोलीत कंपवाताचे एक आजोबा मोबाईलवरच्या हलगीच्या ठेक्यावर पावलं टाकत होते. खिडकीपाशी स्वतःच्या लेकीचं नाव विसरलेली एक आजी त्याच लेकीबरोबर अंगाई गुणगुणत शांत बसली होती. तानुबाई आजोबांच्या पायांकडे बघत राहिली. इथं ताशा नव्हता, वीणा नव्हती, महाराज तर नव्हतेच, तरी पाय चालत होते. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

सविताचं सगळं ऐकून घेऊन आभा म्हणाली, "मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बऱ्याचदा बोलणं जातं. पाठ असलेलं गाणं मात्र अनेकांचं शाबूत राहतं, कारण त्याला उजवी बाजूही हात देते. त्या उरलेल्या वाटेनं आम्ही रोजच्या कामाचे शब्द आणायला बघतो. सगळ्यांना जमत नाही, आणि जमलं तरी घासावं लागतं. पण गाण्यानं नवी गुठळी टळत नाही, सविता. तिला गोळीच लागते."

"मग आत्याला 'गोळी दे' म्हणायला शिकवा ना," सविता म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

आभानं तानुबाईचा डावा हात तिच्याच मांडीवर ठेक्यात आपटत सुरात म्हटलं, "गोळी दे."

"बाई."

"गोळी दे."

"बाई!" तानुबाईनं हात हिसडून घेतला आणि तोंड फिरवलं.

"असं नाय व्हायचं," सविता म्हणाली. "आत्याला बाजाराची सवय. शेवगा विकायला बसल्या की पार रस्त्याच्या टोकाला आवाज जायचा." आणि तिनं सासूची नक्कल केली, "घ्या वो शेवगाऽऽ..."

"कवळा शेवगाऽऽ!" तानुबाईच्या तोंडून निसटलं. "आमटीला गोड शेवगाऽऽ!"

आजोबा चालायचे थांबले. आभा खुर्चीतून उठलीच. "हीच चाल धरायची! शेवगा काढायचा आणि गोळी घालायची."

त्यानंतर सविता जमेल तसं सासूला आणत राहिली आणि गोळी स्वयंपाकघरात चोरून देत राहिली. शब्द बदलताना शेवगा मधेच घुसायचा, कधी गोळी आमटीत पडायची, आणि दोघी हसून बेजार व्हायच्या. कधी तानुबाई चिडून रडायची, दिवसभर कुणाकडे बघायची नाही. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून आधी तीच तयार असायची.

दरबाराला गर्दी आणखी वाढली होती. मनोजनं आईला धरून स्टेजवर नेलं. सविता आणि तिनं बोलावून आणलेली आभा पायरीशी उभ्या राहिल्या.

"माउली, आज औषधाला मूठमाती!" महाराजांनी वीणा उचलली. "ही कपाळाला लागताच वाचा फुटेल."

तानुबाईनं डाव्या हातानं वीणा बाजूला सारली. तोच हात मांडीवर आपटत तिनं ठेका धरला, मान वर केली आणि भर मांडवात आरोळी ठोकली, "घ्या वो शेवगाऽऽ, कवळा शेवगाऽऽ!"

मग मागून नाशिक रोडचं कुणी गिऱ्हाईक सवयीनं ओरडलं, "कसा दिला?" सगळा मांडव हसला.

"देवाची लीला!" महाराज घाईघाईनं म्हणाले. "गेल्या वेळचा वीणेचा प्रभाव अंगात मुरलाय..."

ती त्यांच्याकडे वळली. हात मांडीवर चालूच होता. "द्या वो गोळीऽऽ, सकाळची गोळीऽऽ, माझी मला गोळीऽऽ!"

हसणं थांबलं. मनोज आईकडे बघतच राहिला. महाराजांनी खूण केली आणि शिष्यानं माईक बंद केला. पण अख्ख्या बाजारावर चढणाऱ्या आवाजाला माईक कशाला लागतोय? तिनं तीच ओळ आणखी वरच्या पट्टीत म्हटली.

सविता दोन पायऱ्या वर चढली. "लोकहो, खरं सांगते! गेल्या दरबारात वर आणायच्या आधी ह्यांच्या माणसांनी माझ्यासमोर मागं नवरीच्या खोलीत आत्याकडनं आरती म्हणवून घेतली हुती. ज्याला म्हणता आली त्याला स्टेज. ज्याला नाय आली त्याला घरचा रस्ता!"

व्हीलचेअरच्या रांगेतून यशोदाबाई नावाची एक बाई उठली. तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. "आमाला तसंच परत धाडलं गेल्या बारीला! म्हणले, तुझ्या मालकाचं पाप लय मोठं हाय. तवापासनं हे नुसते रडत्यात. काय पाप केलं ह्यांनी?"

"काहीही नाही," आभा म्हणाली. "काहींच्या मेंदूत गाण्याच्या जागेलाही इजा होते. तो आजार आहे, बाई, पाप नाही." मग ती महाराजांकडे वळली. "तुमच्या वीणेत ताकद आहे ना? मग यांना गायला लावा. आत्ता, सगळ्यांसमोर. आम्ही थांबतो."

महाराजांनी यशोदाबाईच्या नवऱ्याकडे पाहिलं, वीणेकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज ग्रहमान अनुकूल नाही."

"तवा पाप, आता ग्रहमान!" यशोदाबाई कडाडली.

कंपवाताचा म्हातारा आजही पायरीशी थिजून उभा होता. आभानं टाळ्यांचा ठेका धरला, मांडवानं तो उचलला आणि म्हातारा चालू लागला, थेट बाहेरच्या दाराकडे. लोक घंगाळावर तुटून पडले.

"त्यातल्या घेऊ नका!" आभा ओरडली. "कुणाच्या गोळ्या कुणाला जातील. आजच्या आज आपापल्या डॉक्टरांकडे जा. गाणं जरूर गा, रोज गा. त्यानं फायदा होतो, आणि तो का होतो हेही आम्ही सांगू शकतो. पण 'हे फक्त माझ्याच हातून होतं आणि औषध टाकून द्या', असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, दुसऱ्याच्या हातून होतं का ते आधी बघू दे. एवढं म्हणायला शिक्षण लागत नाही, फक्त भीती सोडावी लागते."

मनोज आईपुढं उभा होता. मग बायकोकडे वळून म्हणाला, "सविता, गोळी हाय का तुझ्याकडं?"

सवितानं पर्स उघडली. मनोजनं गोळी आईच्या डाव्या तळव्यावर ठेवली आणि पाण्याची बाटली उघडून धरली. महाराज खाली वाकून वीणा गवसणीत भरत होते. तानुबाईनं घाई केली नाही. त्यांनी मान वर करेपर्यंत ती थांबली, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून तिनं गोळी गिळली.