धान्याच्या खोलीची कडी

मित्रांनो, तुम्ही शाळेतून येता, दार ढकलता आणि दप्तर भिरकावून देता. दाराच्या वरच्या अंगाला कोण लटकलं आहे, तिकडे तुमचं लक्ष जात नाही. तिथे मी असते. मी एक जुनी लोखंडी कडी आहे. खिळ्याभोवती फिरायचं आणि टोकाचा आकडा चौकटीच्या कोयंड्यात अडकवायचा, एवढंच माझं काम. लावणारा कोण आणि कशासाठी लावतो, हे मला विचारता येत नाही. पण हात मला ओळखू येतात.

आमच्या जानेफळ गावच्या रहेमतुल्लाचाचांनी मला घडवलं. मोडक्या बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा एक तुकडा त्यांनी भट्टीत घातला, लालभडक केला आणि ठोकून ठोकून मला आकार दिला. पाण्यात बुडवलं तेव्हा मी चरचरले. चाचा हसले नि म्हणाले, "जा बेटी, आतल्या मानसाची झोप राखजो."

शेषरावांनी तेव्हा नवं घर बांधलं होतं आणि विमलबाई नव्या नवरी म्हणून त्या घरात आल्या होत्या. मला पुढच्या दाराला आतून ठोकलं. दिवेलागणीला विमलबाई टाचा उंच करून मला लावायच्या. त्यांच्या हिरव्या बांगड्या वाजायच्या आणि मी कुईं करायचे. त्या आवाजावरून गल्लीला कळायचं, शेषरावाचं दार लागलं. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग पुढे लोखंडी फाटक आलं. शेषरावांनी मला उपटलं आणि मागच्या धान्याच्या खोलीच्या दाराला बसवलं. या वेळी बाहेरून. "शेळ्या शिरतात," म्हणाले.

शेळी कधी शिरली नाही, मित्रांनो. पहिल्यांदा मी लागले ती भाकरी करपली त्या दिवशी, आणि आत विमलबाई होत्या. नंतर कारण लागेनासं झालं. आतून दार वाजत नसे. फक्त बारीक आवाजात एक ओवी येई, जात्यावर म्हणतात तशी, पण जात्याची घरघर सोबतीला नसे:

*कडी कशी लागली, दारामागं मी गं बाई*
*ऊन अंगनात आलं, माह्या वाट्याले आलं नाही.*

शेषराव गेले आणि खोलीत खरंच धान्य आलं. सोयाबीनची पोती, तुरीची पोती. मला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. मी गंजले, कोळ्याने माझ्या आकड्याला जाळं बांधलं. लोक म्हणतात, वस्तू पडून राहिली की तिला वाईट वाटतं. मला बरं वाटत होतं.

विमलबाईंच्या मुलाचं, दीपकचं लग्न झालं, सुचिता घरात आली, आणि एके सकाळी माझ्या अंगावर तेलाचा थेंब पडला. शिलाई मशीनचं तेल. दीपकने गंज खरवडला, मला पुढे-मागे फिरवून पाहिलं. मी जरासुद्धा कुरकुरले नाही. "आता कशी शहान्यावानी चालते," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी कौतुक झालं, पण ते ऐकून माझं लोखंड गार पडलं.

सुचिताची आई आजारी होती. सुचिता न विचारता जीपमध्ये बसून चिखलीला माहेरी जाऊन आली, एवढंच झालं होतं. त्यानंतर दीपक बाजाराला निघाला की आधी मला लावायचा. घरात विमलबाई असायच्या. माझ्यापासून हातभर अंतरावर, पायरीवर बसून तूर निवडायच्या. त्यांचा हात वर आला असता तर मी निघाले असते. तो हात सुपातच फिरत राहायचा. आतून आवाज येत नसे, बाहेरून येत नसे, आणि मीही तेलामुळे मुकी. गल्लीत मात्र सगळं ठीक चाललेलं दिसायचं.

गावातल्या बायकांनी महिला दिनाला नाटक बसवायचं ठरवलं. रिटायर झालेल्या अंगणवाडीच्या सिंधूताईंनी ते लिहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीची, इंग्रजांच्या काळातली गुन्ह्याची गोष्ट. एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, सून विहिरीत मेलेली सापडते. नवरा फौजदाराला सांगतो, पहाटे पाण्याला गेली नि पाय घसरला. शेजारच्या चार बायकांना माहीत असतं की त्या पहाटे तिच्या खोलीला बाहेरून कडी होती. मग ती गेली कशी? पण बोलायचं कोणी?

सरपंच कौशल्याबाई स्वतः नाटकात होत्या आणि सुनेच्या कामासाठी त्यांनी सुचिताला मागितलं. दीपकला सरपंचाला नाही म्हणता येईना. सिंधूताई म्हणाल्या, एक जुनी कडी लागेल. सुचिता सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या घरी हाय."

दीपक हसला. "न्या ना. लोखंडाचा तुकडा तं हाय. नाटक झालं का आनून लावजो बरं. तवरोक तार बांधू दाराले."

सुचिता स्टुलावर चढून उलथण्याच्या टोकाने माझे स्क्रू काढू लागली. ते निघेनात. तेव्हा विमलबाई उठल्या, कपाटाखालून पेचकस काढला आणि तिच्या हातात दिला. जाताना त्यांनी मला एकदा अंगठ्याने चाचपलं. चाळीसेक वर्षांनी तो अंगठा मला लागत होता.

समाजमंदिरात तालीम चाले. केसरबाई फौजदार झाल्या होत्या, काजळाची मिशी काढून. "फौजदारीनबाई, मिशी घामानं हनुवटीवर आली तुमची," असं कोणी म्हटलं की त्या दंडुका उगारायच्या. मला नाटकातल्या सागाच्या दार-चौकटीला बसवायचं काम जमीलाने घेतलं. ती रहेमतुल्लाचाचांची सून. आमची भिंतीला भिंत. तिने सासऱ्याचा ठोका ओळखला, मला तळहातावर घेतलं आणि थांबली. तिच्या बोटांना गंज लागला नव्हता, तेल लागलं होतं.

"काऊन वं सुचिता, कोन्या दाराची हाय हे?"

"धान्याच्या खोलीची, भाभी."

"धान्याच्या खोलीच्या कडीले कोनी तेल घालते का?"

सुचिता खाली बघत म्हणाली, "आमचं धान्य पळून जाते कधी कधी."

जमीलाने बोटांवरचं तेल पुसलं.

मग तालीम सुरू झाली. सुचिता चौकटीमागे गेली आणि कौशल्याबाईंनी मला लावलं. लागल्याबरोबर सुचिता खाली बसली, दाराला पाठ लावली, गुडघे पोटाशी घेतले आणि पदराचा बोळा दातांत धरला. सिंधूताईंनी असं काही लिहिलं नव्हतं. चौकट मोकळी होती, मागे भिंत नव्हती, ती कुठूनही बाहेर येऊ शकत होती. ती आली नाही. जमीलाने घाईघाईने मला काढलं.

तेवढ्यात दारात दीपक. हातात मोटरसायकलची किल्ली फिरवत.

"चांगलं चालू हाय. कवा हाय म्हने नाटक?"

"परवा," कौशल्याबाई म्हणाल्या.

"बस. परवा मंग येते आमची कडी घरी." तो माझ्याकडे बघून बोलत होता, पण ऐकवत सुचिताला होता.

मित्रांनो, तो दिवस येऊ नये असं मला वाटत होतं. नाटक संपलं की मी परत त्या दारावर जाणार होते, आणि त्यानंतर पुन्हा कधी निघण्याची आशा नव्हती.

महिला दिनाला समाजमंदिरापुढे सतरंज्या अंथरल्या. अख्खं गाव जमलं. विमलबाई बायकांच्या मधोमध बसल्या होत्या, दीपक पुढच्या रांगेत. नाटक शेवटाला आलं. फौजदारीण केसरबाईंनी मला दारावरून काढून वर धरलं नि त्या गरजल्या, "बोला, ही कडी कोनाच्या दाराची?"

नाटकात चार बायका आधी घाबरून गप्प राहतात. तशा त्या राहिल्या. आणि बघणाऱ्या बायकांमधून आवाज आला.

"आमच्या दाराची हाय."

विमलबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला.

"मांगच्या खोलीची. बाहेरून लागते. आधी मी होतो आत, आता सून राह्यते. म्या कधी काढली नाही."

दीपक मान वळवून म्हणाला, "आई, बस खाली. नाटक हाय ते."

कौशल्याबाई स्टेजच्या काठावर आल्या. "काकू, पुन्हा सांगा. मांगच्याईले ऐकू गेलं नाही."

विमलबाईंनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मग जमीला बोलली, नाटकातलं एकही वाक्य नसलेलं. "भिंतीपलीकडे मी राह्यतो. दुपारी त्या घरात दोन बाया असून भांडंबी वाजत नव्हतं. मले समजाले पायजे होतं." केसरबाईंनी मिशी पुसून टाकली. "दाराले बांधलेली तार म्या पाह्यली होती. वाटलं, कुत्र्यासाठी असंन." मागून आणखी एक बाई उठली, मग तिच्या शेजारची. सुचिता चौकटीमागून चालत पुढे आली आणि त्यांच्यात उभी राहिली. दीपक उठला. त्याला वाट द्यायला बायकांनी पाय आवरले नाहीत. लुगड्यांच्या, साड्यांच्या, बुरख्यांच्या त्या गर्दीतून त्याला एकेक पाऊल शोधत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी खरंच घरी आले. सगळ्या बायका सोबत आल्या होत्या. पेचकस विमलबाईंच्या हातात होता. त्याच खोलीला, त्याच दाराला त्यांनी मला बसवलं, पण आतून. खोलीतली पोती ओसरीत गेली आणि सुचिताची खाट खोलीत आली. आता मला लावायचं की नाही, हे ती ठरवते.

सगळं निवळलं, असं मी म्हणणार नाही. दीपक ओसरीत पोत्यांना टेकून बसतो, फार बोलत नाही. कधी दारासमोर येऊन थांबतो. फटीखाली त्याची सावली दिसते, मग सरकते. दाराच्या बाहेरच्या अंगाला माझ्या स्क्रूंची भोकं अजून तशीच आहेत. कोणीतरी ती बुजवायला हवीत.

पण मी आता पुन्हा गंजते आहे. सुचिता मला लावते तेव्हा मी कुईं करते, अगदी तरुणपणी करायचे तशी, आणि भिंतीपलीकडून जमीलाचा आवाज येतो, "हो वं, ऐकलं."

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. माझी विनंती उलटी आहे, मित्रांनो. मला तेल घालू नका. मला कुरकुरू द्या. आणि कधी मैत्रिणीच्या घरी खेळायला गेलात, तर पाणी पिता पिता एकदा दारांकडे बघा. कडी कोणत्या अंगाला आहे, तेवढं बघा. बाहेरून असेल आणि तिला गंज नसेल, तर घरी येऊन आईला मोठ्याने सांगा. मागच्यांनाही ऐकू जाईल असं.