चिंचेनं घासलेला रुपया

“अगं, पण तुला घासायला सांगितलं कुणी?” संकेत दुकानातच आईवर ओरडला.

चेन्नईच्या टी. नगरात साड्यांच्या दुकानावर असलेल्या त्या जुन्या नाण्यांच्या दुकानाचा जिना चढून गजराबाईला धाप लागली होती. त्यात घामाच्या धारा. असलं ओलं ऊन तिच्या माणदेशात कधी पडत नाही. वर पोटचा पोर चारचौघांत तोंड टाकत होता.

आज सकाळीच तिनं सुनेच्या, ऋजुताच्या, चकचकीत ओट्यावर चिंच-मीठ लावून रुपया लखलखीत केला होता. लग्नात बापानं ओटीत घातलेला चांदीचा रुपया. आजवर ट्रंकेत फडक्यात होता. पण लेक सासरी धाडताना न्हाऊमाखू घालतातच की. मग घरची लक्ष्मी मळकी कशी बाहेर काढायची?

आणि काढायची तरी कशासाठी, तर म्हशीसाठी. उन्हाळ्यात तिची म्हैस मेली. संकेत फोनवर म्हणाला, “रुपया घेऊन ये, इकडं असल्या नाण्यांचे शौकीन आहेत. दुसरी घेऊन देतो.”

दुकानदार अनंतकृष्ण तंजावरकडचा मराठी म्हातारा. त्यानं भिंग खाली ठेवलं. “अय्यो, अम्मा! जुना काळा रंग होता, त्यालाच मोल वो. आतां ओरखडेच दिसतात. चांदीचा भाव, तितकेंच.”

“आन् घासला नसता तर?”

“ह्या सालाचे रुपये फार थोडे. तुमची म्हैस आली असती, अम्मा.”

आपल्याच हातानं आपण म्हैस घालवली. गजराबाईला स्वतःचीच चीड आली.

“अडाणी ते अडाणीच!” संकेतचं चालूच होतं. “आता ऋजुताला काय सांगू? तिनं गाडी बुक केलीय!”

“कसली गाडी?”

संकेत पडेल आवाजात म्हणाला, “म्हैस काय, घेऊ गं पुढं. तसंही तुला आता गावाकडं कोण पाठवतंय?”

गजराबाईचं डोकं फिरलं. म्हणजे म्हैस नव्हतीच. गोठाही नव्हता, गावही नव्हतं.

“आरं भाड्या! आईला फसवून आणलंस व्हय? माझ्या बापाच्या रुपयावर गाडी उडवतुयास?”

“अम्मा, चांदीच्या भावानें देता काय?” म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

“न्हाई द्यायचा!” तिनं रुपया उचलून कनवटीला खोचला. “बरं झालं घासला. आजून चोळाय पायजे व्हता!”

आणि लेकाची वाट न बघता ती तरातरा जिना उतरून रस्त्याला लागली.